अर्ज करण्यास कारण की...

गेले तीन आठवडे इथे काही लिहिलं नाही. दोघातिघांनी मेल करून तब्येतीची चौकशी केली, पुण्याच्या वहिनींचा तर फोनच आला. तब्येत उत्तम आहे. मी एका नोकरीच्या अर्जात गुंतले होते. शहात्तराव्या वर्षी मला कोण नोकरी देतंय, अर्ज भाचीचा होता. पण खरं सांगते, माझ्या स्वतःच्या बी.ए.च्या परीक्षेला मी एवढा अभ्यास केला नव्हता.

घरच्यांना सगळं माहीत आहे, बाकीच्यांसाठी थोडक्यात. भाची म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. (नाव लिहायचं नाही असं तिने बजावलंय.) वय बेचाळीस. जी.एन.एम. करून अठरा वर्षं झाली. आधी एका प्राथमिक आरोग्य केंद्रात कंत्राटी होती, मग तालुक्याच्या गावी एका धर्मादाय दवाखान्यात लागली, तिथेच आता इन्चार्ज सिस्टर आहे. मुलगा इंजिनिअरिंगला, होस्टेलवर. तर हिने एका आंतरराष्ट्रीय मदतसंस्थेची जाहिरात पाहिली. पद क्लिनिक मॅनेजर, ठिकाण दक्षिण सुदानमधलं रेंक, करार नऊ महिन्यांचा.

एका सोमवारी बहिणीचा फोन आला, "तिला तू समजाव. तुझंच ऐकते ती." आणि गुरुवारी भाचीचा, "मावशी, माझा अर्ज तेवढा बघून देतेस का?" मी दोघींनाही हो म्हटलं. दोन्ही कामं एकमेकांच्या विरुद्ध आहेत असं मला अजूनही वाटत नाही. एखाद्याला समजवायचं तर तो काय करायला निघालाय ते आधी आपल्याला समजायला नको का?

रेंक नकाशात शोधायला भिंग लागलं. दक्षिण सुदान हा देशच मुळी ९ जुलै २०११ चा. पांढऱ्या नाईलच्या काठाने वर वर जात राहिलं की सुदानच्या सीमेच्या अलीकडे हे गाव. १५ एप्रिल २०२३ ला सुदानमध्ये लष्कर आणि निमलष्करी दल एकमेकांशी लढायला लागले, तेव्हापासून माणसं या बाजूने सीमा ओलांडून येतायत. त्यातले बरेचसे मूळचे दक्षिणेचेच. पूर्वीच्या युद्धात तिकडे पळाले होते, आता नव्या युद्धातून परत पळून येतायत. ऑक्टोबर २०२४ मध्ये दक्षिण सुदानने कॉलऱ्याची साथ जाहीर केली ती याच रेंक भागातून. तर अशा ठिकाणचा दवाखाना.

क्लिनिक मॅनेजर म्हटल्यावर आमच्या घरातल्या बहुतेकांच्या डोळ्यांसमोर टेबलामागे बसून सह्या करणारा माणूस आला. जावईबापू तर म्हणाले, "म्हणजे पेशंटला हात लावायचा नाही?" मी कामाचं वर्णन छापून घेतलं आणि लाल पेन घेऊन बसले. मोठ्या मोठ्या शब्दांची सालं काढली की आत काय निघतं सांगू? औषधांचं इंडेंट आधीच महिनोनमहिन्यांचं काढून ठेवायचं, कारण पावसाळ्यात तिकडचे रस्ते चिखलात बंद होतात. ज्याची मुदत आधी संपणार ते औषध आधी वापरायचं. लशी २ ते ८ डिग्रीच्या मध्येच राहतायत ना ते रोज बघून लिहायचं, सुटीच्या दिवशीसुद्धा. ड्यूट्या लावायच्या, आणि कोणी आला नाही तर काय करायचं ते आदल्या दिवशीच ठरवून ठेवायचं. कुणाला पुढच्या हॉस्पिटलला पाठवायचं, गाडी कुठून येणार. सुया, बँडेज, बाळंतपणातली वार, हे सगळं कुठे जाळायचं, कुठे पुरायचं. पिण्याच्या पाण्यात क्लोरीन आहे का. शिपाई, सफाईवाले, दुभाषे, रोजंदारीवरची माणसं, त्यांचे पगार, त्यांची भांडणं. आणि दर आठवड्याचा रिपोर्ट.

हे वाचून दाखवल्यावर भाची म्हणाली, "मावशी, हे तर मी करतेच की. पण याला कोण काम म्हणतं? पेशंट बघून उरलेल्या वेळात करायचं असतं ते."

मी तिचा बायोडाटा बघितला. पानभर. अठरा वर्षांची नोकरी चार ओळींत. स्टाफ नर्स म्हणून काम केलं, ओपीडी सांभाळली, लसीकरण केलं, वरिष्ठांनी सोपवलेली इतर कामे केली. ही 'इतर कामे' म्हणजेच ते पद होतं, ते शेवटच्या ओळीत 'इत्यादी' होऊन बसलं होतं!

आमच्या एका उत्साही नातवाने लगेच कॉम्प्युटरकडून तिचं पत्र लिहून घेतलं. हल्ली पाच मिनिटांत होतं. इंग्रजी झकास होतं, एक चूक नाही. पण गाइडमधला निबंध असतो ना, 'पावसाळ्यातील एक दिवस', ज्यात पाऊस सोडून सगळं असतं, तसं. मानवतेची सेवा हा माझा ध्यास आहे वगैरे. भाची म्हणाली, "हे वाचून मलाच वाटलं की ही बाई कोण?" मी ते बाजूला ठेवलं आणि म्हटलं, इंग्रजी राहू दे. मला मराठीत सांग. २०१९ चा महापूर सांग.

ऑगस्ट २०१९ आमच्या सांगलीकरांना काय सांगायचा. आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, आणि ४५ फुटांना धोक्याची पातळी. भाचीची ड्यूटी लागली होती एका शाळेत, तिथे आसपासच्या गावांतली पाचसहाशे माणसं आणून ठेवली होती. पहिल्या दिवशी डॉक्टर पोचूच शकले नाहीत. ती, तीन आशाताई आणि शाळेचा शिपाई.

ती सांगत गेली, मी लिहीत गेले. पहिल्या दिवशी सकाळी तिने काय केलं, तर खोल्यांवर खडूने आकडे टाकले आणि आशांना वह्या देऊन खोलीखोलीतून पाठवलं. गरोदर बायका किती, कितवा महिना. दोन वर्षांखालची मुलं किती. बीपी, शुगरच्या गोळ्या घरीच बुडालेले किती. इन्सुलिनवाले सात निघाले. फ्रीज नाही, लाइट नाही. मग लसींचा डबा आणि आइसपॅक येईपर्यंत इन्सुलिन माठाच्या गारव्याला, ओल्या फडक्यात. जुलाब लागलेल्यांसाठी टोकाची खोली आणि जवळचा एक संडास वेगळा. पिण्याच्या पिंपाला मेडिक्लोर, आणि ते टाकणारा एकच माणूस, म्हणजे "मला वाटलं त्याने टाकलं" असं व्हायला नको. ओटी टेस्ट सकाळ-संध्याकाळ. लेप्टोच्या गोळ्या समोर उभं राहून गिळायला लावायच्या. आणि तांदूळ, बिस्किटं घेऊन येणाऱ्या पुढाऱ्यांच्या गाड्या दवाखान्याच्या खोलीसमोर लावू द्यायच्या नाहीत, वाट मोकळी हवी. त्यावरून एकाशी भांडण झालं, ते मी इथे लिहीत नाही.

नऊ दिवस. तीन बायकांना वेळेत बोटीने हलवलं. जुलाबाचे एकोणीस पेशंट झाले, पण ते त्या टोकाच्या खोलीपुरतेच राहिले.

मी पेन खाली ठेवलं. अशा कामाचे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, 'स्फिअर' नावाचं पुस्तक आहे, भाचीने मोबाइलवर उतरवून घेतलं होतं. माणशी रोज किमान १५ लिटर पाणी, वीस माणसांमागे एक संडास, डोक्यावर छप्पर असलेली साडेतीन चौरस मीटर जागा. त्या शाळेत सहा संडास होते! म्हणजे नियमाने एकशेवीस माणसांचे. हिने ते पुस्तक तेव्हा पाहिलंही नव्हतं, तरी पहिल्याच दिवशी पंचायतीला सांगून चर खणून घेतले होते.

आणि इथून खरी पंचाईत सुरू झाली. या संस्था मुलाखतीत म्हणे असंच विचारतात, अमुक प्रसंगी तुम्ही काय केलंत ते सांगा. उत्तर चार पायऱ्यांत द्यायचं. परिस्थिती काय होती, तुमच्यावर काय काम होतं, तुम्ही काय केलंत, त्यातून काय झालं. मला यात नवं काही वाटलं नाही, आमच्या शाळेतल्या प्रयोगवहीत उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान असायचंच. पण भाचीचं तिसऱ्या पायरीला अडायचं. तिच्या तोंडून 'मी' निघेना.

"खोल्यांना नंबर दिले गेले."
"कुणी दिले?"
"आम्हीच."
"आम्ही म्हणजे कोण?"
"अगं, झालं ते सगळ्यांनी मिळून."

चार दिवस हेच चाललं होतं. तुम्ही म्हणाल संकोच. नुसता संकोच नाही तो. आपल्याकडे 'मी केलं' म्हणणाऱ्या बाईकडे कसं बघतात ते सगळ्यांना माहीत आहे, आणि आपली मराठीही आपल्याला आडोसा देते. स्वयंपाक झाला, लग्न पार पडलं, मुलं मोठी झाली. कुणी केलं हे वाक्यात कुठे येतच नाही. मी चाळीस वर्षं पोरांना कर्तरी आणि कर्मणी प्रयोग शिकवले, पण कर्मणी प्रयोगाने एखाद्या बाईची अठरा वर्षं अशी झाकली जातात हे मला या वयात एका नोकरीच्या अर्जावरून कळलं.

भाचीचा मुद्दाही साधा नव्हता. ती म्हणाली, "मावशी, मी म्हटलं तर त्या तीन आशांचं काय? पाण्यात कमरेएवढं त्याच चालल्या. त्यांचं नाव पुसून माझं लिहायचं, ते मला जमणार नाही." यावर मला पटकन उत्तर सुचलं नाही. रात्रभर विचार केला. दुसऱ्या दिवशी आम्ही एक कागद घेतला, मधोमध रेघ मारली. डावीकडे, ठरवलं कुणी. उजवीकडे, केलं कुणी. खोल्यांना नंबर देऊन याद्या करायच्या हे ठरवलं तिने, याद्या केल्या आशांनी. टोकाची खोली वेगळी ठेवायची हे ठरवलं तिने, ती दिवसातून चार वेळा धुतली शिपायाने. इन्सुलिन माठापाशी ठेवायचं हे मात्र तिला एका आजीबाईंनी सुचवलं होतं, ते तसंच लिहिलं. मॅनेजर म्हणजे डावीकडचा रकाना. उजवीकडच्यांची नावं घेतल्याशिवाय तो रकाना नुसता पोकळ, आणि ते मुलाखत घेणाऱ्यालाही कळत असणार. त्या दिवसापासून तिच्या वाक्यांत 'मी' आला. मोजका आला, पण आला.

कॉलऱ्याचा अभ्यास करताना मी तिला बनगावची गोष्ट सांगितली. १९७१ मी बावीस वर्षांची होते. पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी माणसं भारतात आली होती आणि नोव्हेंबरपासून आम्ही प्रत्येक पत्रावर पाच पैशांचं निर्वासित मदतीचं जादा तिकीट चिकटवत होतो. तेवढाच आमचा त्या माणसांशी संबंध. पण तिकडे सीमेवर बनगावला डॉ. दिलीप महालनबीस कॉलऱ्याच्या पेशंटांमध्ये उभे होते आणि शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं होतं. त्यांनी ग्लुकोज, मीठ आणि खायचा सोडा मोजून पुड्या करून घेतल्या, पाणी घालून नळ लावलेल्या पिंपांत भरलं आणि नातेवाइकांनाच सांगितलं, पाजत राहा. जे पाणी प्याले त्यांच्यातलं मृत्यूचं प्रमाण साडेतीन टक्क्यांच्या आसपास आलं, एरवी तीस टक्क्यांपर्यंत माणसं जात होती. २०२२ मध्ये डॉक्टर गेले, नंतर २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. औषधाचा शोध त्यांच्या आधीच लागला होता. त्यांनी जे केलं ते मला तरी व्यवस्थापनच वाटतं. काय संपलंय, काय शिल्लक आहे, कुणाचे हात मोकळे आहेत. भाची म्हणाली, "मोकळे हात नातेवाइकांचेच असतात गं, आपण त्यांना बाहेर बसवतो." हे वाक्य मी तिला पत्रात घालायला लावलं.

प्रश्नांमध्ये एक तटस्थतेचाही होता. माणुसकी, निःपक्षपात, तटस्थता, स्वातंत्र्य ही या कामाची चार तत्त्वं, पाठ सगळ्यांचीच असतात. भाचीने त्यावर हेन्री ड्युनांट, १८५९ ची सोल्फेरिनोची लढाई, दोन्ही बाजूंच्या जखमींची शुश्रूषा करणाऱ्या कास्तिलिओनेच्या बायका, असं सगळं तयार केलं होतं. मी म्हटलं, ते त्यांना माहीत आहे. बंदूक घेतलेला माणूस दारात आला तर काय करशील ते सांग. तर म्हणते, "बंदूक बाहेर ठेवायची, माणूस आत घ्यायचा. आमच्याकडे बंदूक नसते, पण सरपंचाचा माणूस असतो. त्याला नंबरानेच पाठवते. दोन्ही पार्ट्यांची माणसं रागावतात, म्हणजे बरोबर चाललंय." हे उत्तर मात्र मी एका शब्दानेही सुधारलं नाही.

आता बहिणीकडे येते.

एका रविवारी ती आली. चहा झाला. मी तिच्यासमोर नकाशा ठेवला, कामाचं वर्णन मराठीत करून ठेवलं होतं ते दिलं. तिने चष्मा लावून सगळं वाचलं आणि विचारलं, "जिवाला धोका किती?"

मी काही लपवलं नाही. ऑक्टोबर २०१५ मध्ये अफगाणिस्तानात कुंदूझचं हॉस्पिटल अमेरिकेच्या विमानाने उडवलं, बेचाळीस माणसं गेली, हे सांगितलं. संयुक्त राष्ट्रांच्या मोजणीप्रमाणे २०२४ साली जगभरात मदतकार्य करणारी ३८३ माणसं मारली गेली, हेही सांगितलं. त्यातले बहुतेक त्या त्या देशातलेच, बाहेरून गेलेले थोडे, हेसुद्धा सांगितलं, पण सांगताना मला ते दिलासा म्हणून सांगवेना. ती माणसंही कुणाची तरी आहेतच. दर आठवड्याला ठरल्या वेळी फोन, विमा, परिस्थिती बिघडली तर बाहेर काढण्याची योजना, हे सगळं कागदावर आहे ते दाखवलं.

बहीण म्हणाली, "कोटणीसांचं काय झालं?"

आम्ही दोघी सोलापूरला वाढलेल्या. डॉ. द्वारकानाथ कोटणीस आमच्या गावचे. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टर चीनला गेले, जपानशी लढणाऱ्या चिन्यांची सेवा करायला. ९ डिसेंबर १९४२ ला कोटणीस तिथेच गेले, वय फक्त बत्तीस. गोळी लागून नाही, आजाराने. शांतारामबापूंचा सिनेमा आम्ही लहानपणी पाहिला होता आणि दोघी रडलो होतो.

मी म्हटलं, "पाच गेले होते. चार परत आले."

"ज्या घरचा पाचवा, त्या घराला विचार," बहीण म्हणाली.

यावर मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं नव्हतंच. शाळेत कोटणीसांवर धडा शिकवताना मी त्यांचं बलिदान, भारत-चीन मैत्री, सगळं सांगायची. त्यांच्या आईचं मला कुणी मुलाने विचारलं नाही, पुस्तकातही प्रश्न नव्हता. आज विचारणारी माझ्या समोर बसली होती. तिला खोडून काढण्याचा मला अधिकार नाही. पण बेचाळीस वर्षांच्या बाईला घरात बसवण्याचाही नाही, आणि तिच्या आईलाही तो नाही असं माझं मत मी तिला स्पष्ट सांगितलं. ती रागावली. पण उठून गेली नाही, संध्याकाळी भाकरी तिनेच केल्या.

जाताना एवढंच म्हणाली, "तिला सांग, मला हे सगळं तिने स्वतः येऊन सांगावं. तुझ्या तोंडून नको." भाची पुढच्या रविवारी गेली. आईपाशी दोन दिवस राहिली. काय बोलणं झालं ते मला दोघींनी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

अर्ज परवा गेला. पत्र एक पानाचं, बायोडाटा दोन पानांचा, 'इतर कामे' त्यात कुठेच नाही. इंग्रजी तिचं स्वतःचं आहे, मी फक्त क्रियापदं तपासली. एक-दोन ठिकाणी अवघडलंय, तसंच राहू दिलं. निवड होईलच असं नाही. २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदतीचा हात आखडता घेतला तेव्हापासून अशा संस्थांमधली कितीतरी अनुभवी माणसं मोकळी झाली आहेत, त्यांतलेही अर्ज करणारच. भाचीला हे माहीत आहे. तरी तिने पीतज्वराची लस घेऊन टाकली. दाखला आता जन्मभर चालतो म्हणे, २०१६ पासून तसा नियम झालाय, त्यामुळे फुकट जाणार नाही असा तिचा हिशेब. दवाखान्यातल्या स्टॉक रजिस्टरला तिने नवीन रकानाही केलाय, ठरवलं कुणी आणि केलं कुणी. तिथले डॉक्टर म्हणाले हे काय नवीन, तर म्हणाली, असू दे, उपयोगी पडतं.

काल संस्थेकडून मेल आला. पहिली मुलाखत कॉम्प्युटरवर आहे, पुढच्या आठवड्यात, दुपारी साडेतीनला. तिच्याकडे नेट नीट चालत नाही म्हणून माझ्याकडे येणार आहे. त्यांनी दोन दिवस दिले होते. आमच्याकडे मंगळवारी लाइट जाते, म्हणून तिने बुधवार मागून घेतला. बहिणीचाही सकाळी फोन आला होता. बुधवारी तीही येतेय, आतल्या खोलीत बसेन म्हणाली.